न विचारलेलं मत

सहीचा कागद नीलकंठ आगाशेच्या समोरून गेला. अगदी नाकासमोरून. सुरुचीनं तो टेबलाच्या त्या टोकाकडून सरकवला, नीलकंठनं गार शेवयांचा वाडगा बाजूला घेतला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला, हातसुद्धा पुढे केला, आणि कागद त्या हाताला वळसा घालून पलीकडे फुसाएपुढे जाऊन थांबला. ‘आई, इथं नाव, इथं पत्ता, इथं जन्मतारीख. आणि इथं शिक्का. शिक्का सापडत नसेल तर अंगठा चालतो,’ सुरुची म्हणाली. फुसाएनं खणातून आपला बोटभर लाकडी शिक्का काढला, त्यावर हाऽ करून वाफ सोडली आणि लाल शाईत दाबून तो कागदावर असा उमटवला, की जणू बँकेत नवं खातंच उघडतेय. नीलकंठचा हात टेबलावर तसाच उताणा. तेव्हा कुठं सुरुचीचं लक्ष गेलं. ‘अय्या, सॉरी बाबा,’ ती म्हणाली, ‘तुमची नाही लागत.’

लागत नाही! भाजीत मीठ पुरेसं आहे, आणखी लागत नाही, तसं. बरं, पोरीच्या मनात काही नव्हतं. सुरुची तशी बापाची फार; तीस वर्षांची झाली, शाळेत मास्तरीण झाली, तरी रस्ता ओलांडताना अजून बापाचं कोपर धरते. रविवारची दुपार होती, ऑगस्ट नुसता भाजत होता, बाहेर झाडावरच्या किड्यांनी किर्र लावलेली. नीलकंठनं हात मागे घेतला, वाडगा पुढे ओढला आणि शेवया सुर्रकन ओढल्या. ‘कसल्या सह्या?’ एवढंच विचारलं. कसल्या ते त्याला पक्कं ठाऊक होतं. कोबेत राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नगरपालिकेला बंदरापुढच्या समुद्रात भर घालून विमानतळ बांधायचा होता. भूकंपाला साडेतीन वर्षं उलटून गेलेली, लोक अजून पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत राहतायत, आणि यांना विमानं उडवायची आहेत, असं सुरुचीच्या मंडळींचं म्हणणं. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की महिनाभरात शहरभरातून सह्या गोळा करायच्या आणि सभागृहाला सांगायचं, आधी लोकांचं मत घ्या. हो की नाही, पेटी ठेवा आणि विचारा. उत्तरेकडच्या एका गावानं दोन वर्षांपूर्वी अणुवीज केंद्राबद्दल असंच मत घेतलं होतं, तेव्हापासून ही कल्पना लोकांच्या डोक्यात बसली होती. एरवी जपाननं देश म्हणून आपल्या माणसांना असं थेट कधी काही विचारलेलं नीलकंठला तरी आठवत नव्हतं. आता विचारायला निघाले होते, तर ते मतदारयादीत नाव असलेल्यांना. सहीसुद्धा त्यांचीच. सही मागणाराही त्यांच्यातलाच. सुरुची या गल्लीची सही मागणारी होती, तिच्याजवळ तसं पत्र होतं.

जेवण झालं, माणसं उठली, फुसाएनं भांडी घासायला घेतली, तरी नीलकंठ बसलेलाच. एकसष्ट वर्षं झाली होती त्याला. त्यातली सदतीस इथं. आणि या एकसष्ट वर्षांत त्यानं कुठल्याच पेटीत कसलीच चिठ्ठी टाकली नव्हती, ही गोष्ट आज, या वाडग्यापुढे, पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आली. अरे, खरंच की! सत्तावन्न साली निवडणूक झाली तेव्हा तो वीस वर्षांचा, आणि मत एकवीसला. पण म्हणून काय तो घरी बसला होता? मिरजेत त्या उन्हात सायकलवर बसून त्यानं अख्खी ब्राह्मणपुरी पालथी घातली होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी घसा फोडून ओरडून आवाज बसला होता, आईनं ज्येष्ठमधाची कांडी तोंडात दिली होती. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना सायकलच्या मागच्या सीटवर बसवून बूथवर न्यायचं काम त्याच्याकडे होतं. ती आत जायची, तो बाहेर सायकल धरून उभा. ‘तुझं झालं का रे बाळ?’ एका आजोबांनी विचारलं होतं. ‘पुढच्या खेपेला, आजोबा,’ तो म्हणाला होता. पुढची खेप बासष्ट साली आली, आणि एकसष्ट साली तो कोबेला एका सिंधी कापडवाल्याच्या पेढीवर बिलं लिहायला येऊन बसला होता. बहीण पद्मिनी पत्रात लिहायची, यंदा असं झालं, तसं झालं, आमच्या बोटाला शाई लावली, आठ दिवस जात नाही. तो उत्तरात लिहायचा, इकडे थंडी फार आहे.

शाई त्याच्याही बोटाला लागली होती. त्यात कमी नव्हती काही. वॉर्ड ऑफिसात परदेशी माणसांच्या नोंदणीच्या खिडकीवर डाव्या हाताची तर्जनी काळ्या शाईत घोळवायची आणि कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवायची. दर काही वर्षांनी, कार्ड बदललं की. पहिल्या वेळी त्याला वाटलं होतं, असेल बाबा रीत. दुसऱ्या वेळी खिडकीतल्या बाईनं बोट पुसायला कापूस दिला आणि मान वाकवून माफी मागितली, तेव्हा कळलं, ही रीत सगळ्यांसाठी नाही. मग लग्न झालं, सुरुची झाली. त्या काळात मूल बापाच्या देशाचं, म्हणजे सुरुची भारतीय. कोबेच्या इस्पितळात जन्मलेली, कोबेची बोली बोलणारी आणि मिरज फक्त दोनदा पाहिलेली भारतीय. सोळा पुरी झाली तशी तिलाही खिडकीवर न्यावं लागलं. तो दिवस नीलकंठ विसरू म्हटला तरी विसरणार नव्हता. शाळेचा निळा गणवेश, दोन वेण्या, आणि तिनं बोट असं पुढे केलं जसं लस टोचून घ्यायला दंड पुढे करावा. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘बाबा, मी काय चोरी केली?’ त्यानं तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. पुढच्याच वर्षी कायदा बदलला, आईकडूनही देश मिळू लागला, आणि फुसाए लेकीला हाताला धरून घेऊन गेली नि कागद करून आली. त्या संध्याकाळपासून घरात तो एकटा परका. नंतर ती बोटं घेणंही बंद झालं, पाचेक वर्षांपूर्वी. बंद झालं म्हणून कुणी पेढे वाटले नाहीत.

‘तुम्ही इथलं नागरिकत्व का नाही घेतलं हो?’ फुसाएनं ओट्यापाशीच उभं राहून विचारलं. पाण्याचा नळ चालू ठेवूनच. ही फुसाए मिरजेत सासूजवळ सहा महिने राहून ‘अहो’ म्हणायला शिकली, ती अजून सोडायला तयार नाही. प्रश्न काही नवा नव्हता. आधी आई होती. आईला भेटायला जायचं तर व्हिसा काढून जायचं, हे त्याच्या जिवाला पटेना. मग आई गेली, आणि आता कुणासाठी बदलायचं, असं झालं. पण आज त्याला उत्तर निराळं सुचलं. ‘फुसाए,’ तो म्हणाला, ‘मी बदलायचं आणि मग मला विचारायचं, हे काय? विचारायचं तर मी आहे तसा इथं बसलोय की सदतीस वर्षं.’ फुसाएनं नळ बंद केला. ‘मग नुसते बसू नका,’ ती म्हणाली. तिच्या नाकावर माशी बसत नाही, ते एका अर्थी बरंच आहे.

भूकंपानंतर ते तिघं शाळेच्या व्यायामशाळेत पुठ्ठ्यावर झोपत होते. दीडेक महिना झाला असेल, तेव्हा तिथं कुणीतरी टाकलेल्या वर्तमानपत्रात त्यानं वाचलं होतं की सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय: कायमच्या राहणाऱ्या परदेशी माणसांना गावापुरतं मत द्यायला घटनेची आडकाठी नाही, द्यायचं की नाही ते कायदा करणाऱ्यांनी बघावं. त्यानं ती बातमी तीनदा वाचली होती. शेजारच्या पुठ्ठ्यावर गल्लीतल्या म्हाताऱ्या ओका-सान झोपल्या होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. भूकंपाच्या, सतरा जानेवारीच्या पहाटे नीलकंठनं आणि समोरच्या आराई-साननं त्यांना कपड्यांच्या कपाटाखालून ओढून काढलं होतं, अंधारात, आवाजाच्या रोखानं. त्या वेळी कुणी कुणाचं कार्ड विचारलं नव्हतं. बातमीचं पुढे काही झालं नाही. कायदा करणाऱ्यांनी बघितलं असेल किंवा नसेल. नीलकंठनं तो कागद घडी करून बुटात घातला, बूट ओले होते.

‘मी येतो तुझ्याबरोबर,’ त्यानं दुसऱ्या रविवारी सुरुचीला सांगितलं.

‘बाबा, तुम्हाला सह्या मागता येत नाहीत. नियम आहे.’

‘मागत नाही. नुसता येतो. तू एकटी दार वाजवशील तर लोक म्हणतील, वर्तमानपत्रवाली आली, आणि दार उघडायची नाहीत. मी अकरा वर्षं या गल्लीचा हान्चो आहे. कचऱ्याचा वार चुकला तर लोक मला घाबरतात.’ हे मात्र खरं होतं. गल्लीच्या मंडळाचा हा हान्चो म्हणजे काही मोठा मानकरी नव्हे. जळणारा कचरा कधी, न जळणारा कधी, गटार साफ करायची पाळी कुणाची, हे बघायचं, आणि सूचनांची फळी घरोघर फिरवायची. पण त्यामुळे त्याला प्रत्येक दाराची घंटा कुठं आहे ते माहीत होतं, कुणाचा कुत्रा चावतो ते माहीत होतं, आणि मुख्य म्हणजे कोण कुठल्या वेळी घरात सापडतं ते माहीत होतं. सुरुचीनं मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं, मग ‘योश, चला,’ म्हणाली.

आणि मग नीलकंठ जो फिरला, तो फिरलाच. शनिवार-रविवार तर होतेच, पण सुरुची शाळेतून सुटून आली की मधल्या वारीही संध्याकाळी तासभर. जिने चढला, उतरला. घामानं शर्ट पाठीला चिकटायचा, गुडघे बोंबलायचे, तरी ‘आज पुरे’ सुरुची म्हणायची, तो नाही. दारात उभं राहून तो कचऱ्याबद्दल बोलायचा, पायदुखीबद्दल बोलायचा, आणि माणूस मऊ झालं की एक पाऊल मागे सरायचा. तेवढ्या जागेत सुरुची सह्यांचा कागद लावलेली फळी घेऊन पुढे व्हायची. लोक सही करायचे, शिक्का शोधायचे, सापडला नाही की हसत अंगठा शाईत बुडवायचे. किती सहज बुडवायचे! नीलकंठ ते अंगठे बघत राहायचा. त्याला दर वेळी हेवा वाटायचा, दुसरं काय. आणि दर वेळी तो पुढच्या दाराची घंटा आणखी जोरात वाजवायचा. विमानतळ हवा की नको, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारलाही नव्हता. विचारून करायचं काय? ज्याच्या घरी चूल नाही, त्यानं बाजारात भाजी कशाला निवडावी? त्याला सह्या हव्या होत्या. एवढ्या, की कुणाला त्या बाजूला सारता येऊ नयेत.

आराई-सानच्या दारावर मात्र तो अडखळला. आराई-सान चपलांचे तळवे कापायचा, त्याच्या बापानंही तेच केलं होतं. जन्म इथला, बायको इथली, आडनाव लोकांसाठी इथलं, आणि कागदावर कोरियाचा. त्याचीही सही चालणारी नव्हती. सुरुची फळी पाठीमागे लपवून उभी राहिली, चूक केल्यासारखी. आराई-साननंच गार सातूचा चहा आणून दिला. ‘किती झाल्या?’ त्यानं विचारलं. ‘अठ्ठेचाळीस.’ ‘कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याकडे गेलात? तो माझ्याकडून उधारीवर चपला नेतो आणि मान खाली घालतो. माझं नाव सांगा, करेल.’ नीलकंठनं पेला परत दिला. दोघं एकमेकांकडे पाहून हसले, आणि त्या हसण्यात काही गंमत नव्हती. लाँड्रीवाल्यानं सही केली. त्याच्या बायकोनंही केली, आणि नवऱ्याच्या आईचीही आपणच करायला निघाली, तेव्हा सुरुचीनं तिचा हात धरला: ज्याची त्यानंच करायची, दुसऱ्यानं केली की बाद.

हे नीलकंठनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरीही झालं ते झालंच. ओका-सान आता वॉर्डातल्याच नव्या सरकारी इमारतीत नवव्या मजल्यावर राहतात. चौऱ्याऐंशीच्या आहेत, आणि उजव्या हाताची बोटं त्या कपाटानंतर धड मिटत नाहीत. त्या दिवशी खालीच सुरुचीला कुणी विद्यार्थिनीची आई भेटली, ती बोलत उभी राहिली, आणि नीलकंठ फळी घेऊन लिफ्टनं वर गेला. ओका-साननं द्राक्षं धुऊन पुढे ठेवली. कागद पाहिला. ‘लिहा ना, नीरू-सान,’ म्हणाल्या. तीन वर्षं हेच तर चाललं होतं! घर पडल्याचा दाखला, तात्पुरत्या खोलीची सोडत, या घराचा अर्ज, मोफत औषधाचं पत्र. ओका-सान म्हणायच्या, लिहा ना, आणि नीलकंठ लिहायचा. पेढीवर बिलं लिहून लिहून त्याचं जपानी अक्षर असं झालं होतं की वॉर्ड ऑफिसातले कारकून कौतुक करायचे. त्यानं पेन काढलं, झरझर नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जन्मतारीख तर त्याला पाठच होती. ओका-साननं अंगठा दाबला. द्राक्षं गोड होती. खाली आला तेव्हा सुरुची म्हणाली, ‘झाली?’ तो म्हणाला, ‘झाली.’ आणि खुशाल पुढच्या जिन्याला लागला.

शेवटच्या शनिवारी दुपारी सुरुची टेबलावर सगळे कागद मांडून तपासत होती. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. ‘बाबा,’ ती म्हणाली, ‘हे अक्षर तुमचं आहे.’

नीलकंठला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. ‘त्यांचा हात चालत नाही गं. त्यांनीच सांगितलं.’

‘हात चालत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घेता येतं. तशी सोय आहे कायद्यात.’ सुरुचीचा आवाज बारीक झाला. ‘पण तो दुसरा मतदार हवा. आणि त्यानं तसं खाली लिहायला हवं. बाबा, तुम्ही... मी वर यायला हवं होतं. माझीच चूक.’

‘म्हणजे ही बाद?’

‘बाद.’

फुसाएनं चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला. आपली सही चालत नाही, हे त्यानं महिनाभर गिळलं होतं. पण आपला हात लागला की चांगली चालणारी सहीसुद्धा बाद होते? आजवर त्याचं मत नव्हतं, एवढंच होतं. आता त्यानं एका बाईचं होतं तेही घालवलं होतं, आणि ते कौतुकाच्या सुवाच्य अक्षरात. त्याला आपल्या बोटांचा राग आला. उठून तो न्हाणीघरात गेला आणि त्यानं साबण लावून हात धुतले, एकदा, दोनदा, वेड्यासारखे. आरशात पाहिलं. पांढऱ्या मिशीचा, घामेजलेला एक म्हातारा. ‘रडतोस काय,’ तो त्याला मराठीत म्हणाला, ‘उद्याचा दिवस आहे अजून.’

रविवारी सकाळी दहाला ते दोघं नवव्या मजल्यावर होते. मुदतीचा शेवटचा दिवस. सुरुचीनं जुनी ओळ रेघ मारून खोडली होती, खाली कोरी ओळ होती. या खेपेला नीलकंठनं पेन आणलंच नव्हतं. त्यानं ओका-सानपुढे वाकून सगळं सांगितलं, चूक आपली, नियम असा आहे, त्यांनी स्वतः लिहायला हवं, नाही जमलं तर फुसाएला बोलावून लिहून घेऊ. ओका-साननं ऐकून घेतलं. ‘मी लिहीन,’ त्या म्हणाल्या, ‘त्यात काय. वेळ लागेल.’ त्यांनी पेन उजव्या हाताच्या न मिटणाऱ्या बोटांत डाव्या हातानं खोचलं. मग थांबल्या. ‘पण तुम्ही लिहिलं ते का नाही चालत? तुम्ही काय मतदार नाही?’

‘नाही, ओका-सान. मी भारताचा आहे.’

‘ते माहीत आहे मला. पण इतकी वर्षं... निवडणुकीला शाळेपाशी दिसता की तुम्ही, फुसाए-सानबरोबर. दर वेळी.’

‘सोडायला येतो. बाहेर थांबतो.’

ओका-साननं पेन खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे बोटांतून उपसून काढलं आणि टेबलावर आपटलं. ‘मग मीही करत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मला त्या कपाटाखालून काढलं कुणी? नगराध्यक्षानं? ज्यानं काढलं त्याला विचारायचं नाही, आणि मी, जी पडून होते, तिला विचारायचं? नको मला.’

सुरुचीनं घाबरून बापाकडे पाहिलं. नीलकंठच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याच क्षणी त्याला संतापही आला. म्हातारीचा, स्वतःचा, सगळ्याचाच. सदतीस वर्षांत त्याच्यासाठी कुणी असं पेन आपटलं नव्हतं. त्या सुखात दोन घटका बसावं असं फार वाटलं. पण बसून चालणार नव्हतं. तो तातामीच्या चटईवर गुडघे टेकून पुढे सरकला. ‘ओका-सान, तुम्ही नाही केलीत तर माझं काय भलं होणार? एक सही कमी होईल, बस. मी दारं वाजवली आणि महिन्याभरात चौसष्ट सह्या झाल्या. गुडघे सुजलेत माझे, फुसाएला विचारा. त्या चौसष्टांत मी आहे, असं मी धरून चाललोय. तुमची खोडली गेली ती माझ्यामुळे. मला तेवढी परत मिळवू द्या. मेहेरबानी म्हणून नका करू. माझ्यासाठी अडून बसल्या असाल, तर माझ्यासाठीच लिहा.’

ओका-सान खिडकीकडे वळून बसल्या. खिडकीतून बंदराच्या क्रेनी दिसत होत्या, त्यापलीकडे समुद्र, जिथं भर पडणार होती ती जागा. ‘तुमच्या सांगण्यावरून लिहायचं,’ त्या सावकाश म्हणाल्या, ‘तर आधी मला सांगा. तुमचं काय म्हणणं आहे? विमानतळ हवा की नको?’

सुरुची शेजारी बसली होती, तिच्या मांडीवर फळी, फळीवर ‘आधी लोकांना विचारा’ असा ठळक मथळा. तिला उत्तर ठाऊक होतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नीलकंठला नव्हतं. त्यानं खिडकीकडे पाहिलं. एकसष्ट सालच्या नोव्हेंबरात तो याच बंदरात जहाजातून उतरला होता, ट्रंक डोक्यावर घेऊन, आणि धक्क्यावर एवढी माणसं उतरत होती की कुणी कुणाकडे वळून बघत नव्हतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, या गर्दीत आपणही खपून जाऊ. भूकंपानंतर जहाजं कोरियातल्या पुसान बंदराकडे वळली ती परत आली नाहीत. पेढी बंद झाली. गल्लीतली पोरं ओसाकाला गेली, टोकियोला गेली. इतकी वर्षं तो नुसता जाणारे मोजत होता. पोटाच्या आत, खूप खालून, एक उत्तर वर येत होतं, आणि ते वर येताना त्याला भीतीच वाटली, कारण ते लेकीच्या बाजूचं नव्हतं.

‘हवा,’ तो म्हणाला.

‘बाबा!’ सुरुची ओरडलीच, जपानीत. ‘हवा? मग महिनाभर माझ्याबरोबर उन्हातान्हात...’

‘सह्या मत घ्या म्हणायच्या होत्या. मत काय ते कुणी विचारलं होतं मला?’ तो म्हणाला, आणि मग तो बोलतच सुटला, अडखळत, जपानीत मध्येच मराठी घुसडत. ‘या गावात बाहेरून येणारं माणूस हवं, ओका-सान. घरं हवीतच, आधी हवीत, ते सुरुचीचं खरं आहे. पण नुसत्या घरांत म्हातारे ठेवून गाव होत नाही. जहाजं गेली. आता यायची वाट कुठली? मी आलो तसं कुणी तरी यायला हवं. भर घाला समुद्रात, नाही तर काहीही करा, पण येण्याची एक तरी वाट ठेवा.’ त्याला धाप लागली. आपण एवढं बोलू शकतो, हे त्याचं त्यालाच नवल वाटत होतं.

ओका-साननं पेन उचललं, पुन्हा डाव्या हातानं उजव्या बोटांत खोचलं, आणि लिहायला लागल्या. एकेक रेघ म्हणजे एकेक जिना होता. ‘ओका’च्या चित्राक्षराला पाच मिनिटं गेली असतील. मध्ये त्या थांबल्या, बोटं चोळली, पुन्हा लिहू लागल्या. सुरुची श्वास रोखून बघत होती. नीलकंठनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. नाव झालं, पत्ता झाला, जन्मतारीख झाली. अक्षरं वाकडीतिकडी, ओळीबाहेर गेलेली, पण वाचता येत होती, आणि बाईची होती. त्यांनी अंगठा शाईत दाबून कागदावर टेकवला आणि फळी सुरुचीकडे ढकलली.

‘पण मी नको म्हणूनच मत देणार, हे सांगून ठेवते,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं साफ चुकतंय, नीरू-सान. विमानातून कोण येणार इथं? सूटबूटवाले येतील, संध्याकाळी परत जातील. आवाज तेवढा आमच्या डोक्यावर. इतकी वर्षं इथं राहून तुम्हाला एवढंही कळू नये? साफ चूक.’

सुरुची घड्याळाकडे बघून उठली होती. कागद दुपारी बाराच्या आत पोचवायचे होते. ‘बाबा, चला,’ तिनं त्याच्या कोपराला हात लावला.

‘तू हो पुढं,’ नीलकंठ म्हणाला. त्यानं मांड्यांखालचे हात काढले, द्राक्षांची ताटली बाजूला सारली आणि मांडी ठोकून ओका-सानच्या समोर बसला. ‘चूक? चूक कशी काय, सांगा पाहू मला.’